फायलीला पडलेल्या खिडक्या

साताऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयात मी साप्ताहिकाची फाईल उघडली, काही पानं उलटली आणि एका पानातून मला थेट समोरच्या शिपायाचा चहाचा कप दिसला. पानाच्या मधोमध चौकोनी भोक होतं. ब्लेडनं, पट्टी लावून, अगदी सरळ कापलेलं. पुढचं पान उलटलं, तिथंही भोक. त्याच्या पुढच्या पानाला दोन, एक मोठं आणि एक लहान. सगळ्या फायलीला अशा खिडक्या पडल्या होत्या. उंदरानं कुरतडलं असतं तर मी एवढी चिडले नसते, कारण उंदीर नंतर सत्कार समारंभ करत नाही.

मी सांगलीच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाले. इतिहास साधनांवरून लिहितात असं पोरांना शिकवत आले, आणि साधनं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणी असं पुस्तकात होतं म्हणून तेच सांगत आले. पण एखाद्या गावात आपल्या आईवडिलांच्या काळात नळाला पाणी कधी यायचं, बाजार कुठं भरायचा, कुणाच्या दुकानापुढं हाणामारी झाली, कुठल्या शाळेच्या मुली जिंकल्या, हे कुठल्या ताम्रपटात सापडणार? ते त्या गावच्या साप्ताहिकात असतं, आणि तिथं नसलं तर कुठंच नसतं. मुंबई-पुण्याच्या पेपरात आमची गावं पूर आला की येतात, एरवी आम्ही जगतो की मरतो याची त्यांना खबर नसते.

तरी मी काही इतिहासाच्या प्रेमानं त्या वाचनालयात गेले नव्हते. मला एकच फोटो हवा होता, आणि तोही माझ्या आत्यासाठी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आमचं मूळ गाव वडूजच्या पलीकडं, कुसळांच्या मुलखात. घरात मेंढरं. पाऊस सरला की आजोबा कळप घेऊन बाहेर पडायचे आणि आत्या लहानपणापासून त्या कळपाच्या मागं पळायची. एका मास्तरांनी आजोबांच्या हातापाया पडून तिला साताऱ्याच्या वसतिगृहात घातली. तिथं तिला खो-खो भेटला. "मेंढरं वळवणाऱ्या पोरीला खांब वळायला काय लागतंय?" असं ती अजून म्हणते. ती संघाची कप्तान झाली, मोठे सामने झाले, तिची शाळा जिंकली आणि बक्षीस समारंभाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या हातून, सगळा संघ मागं ओळीनं उभा असताना, तिनं ढाल घेतली. त्याचा फोटो साप्ताहिकात छापून आला.

इथवर ऐकलं की लोकांना वाटतं, वा, काय कौतुकाची गोष्ट! कौतुक कसलं डोंबल. वडूजच्या बाजारात कुणीतरी तो अंक घेऊन आला आणि त्यानं चारचौघांत आजोबांना दाखवला. वयात आलेली पोरगी, परकर मागं खोचून, परक्या बाप्याच्या शेजारी उभी, आणि तेही छापून. आजोबा अंक पटक्यात खोचून साताऱ्याला आले. वसतिगृहाच्या दारात त्यांनी तो तिथल्या बाईंच्या पुढं धरला आणि आत्याला म्हणाले, पेटी उचल. तिची परीक्षा बुडाली आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. घरी गेल्या गेल्या आजोबांनी तो अंक चुलीत घातला होता.

"मी त्यो फोटू नीट बघितलाच न्हाई," आत्या सांगते. "आबांनी बाईंच्याकडं तोंड करून धरलेला. मी ह्या बाजूला. मला उलटा दिसला. मनगटाची पट्टी तेवढी वळखू आली. खांबाला हात घासला हुता ना, म्हणून बाईंनी पट्टी बांधलेली."

आता आत्या ऐंशी ओलांडून गेलीय. साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याला मुला-सुनेजवळ राहते. तिच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आहे आणि दुसऱ्याची हळूहळू जाते आहे, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. मागच्या उन्हाळ्यात मी गेले होते तेव्हा नात तिला मोबाईलवरचे आपले फोटो दाखवत होती. अंगणातले, जिन्यातले, वडापाव खातानाचे, काही विचारू नका. आत्यानं मोबाईल बाजूला केला आणि मला म्हणाली, "माझा तरणेपणातला एकच फोटू हाय. त्यो बी मी उलटा बघितला. ज्याच्यापायी माझी शाळा सुटली, त्यो डोळं हायत तवर सुलटा बघू दे की गं. तू शिकलेली. हुडक जरा."

म्हणून मी हुडकायला निघाले.

तर त्या वाचनालयात. कार्यवाह आले. पांढरा शुभ्र सदरा, खिशाला पेन, आणि कुणाचं तरी उद्‌घाटन आत्ताच उरकून आल्यासारखा चेहरा. मी फाईल उचलून त्या भोकातून त्यांच्याकडं पाहिलं.

"हे काय आहे?"

"काय?"

"ही भोकं."

"ती होय!" ते हसले. "शताब्दीची स्मरणिका काढली ना आपण. फोटो मूळचेच लागतात हो. झेरॉक्स काळी येते."

"म्हणून कापले?"

"जपून कापलेत. पट्टी लावून. आपल्याकडं कुणाला आडवंतिडवं काम करू देत नाही."

ते मनापासून बोलत होते, हीच तर खरी किळसवाणी गोष्ट. त्या माणसाला यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. त्यांनी मला पद्धत समजावून सांगितली. एखाद्या घराण्यातली मंडळी येतात. आजोबांची जयंती असते, वडिलांची पंचाहत्तरी असते, चौकाला नाव द्यायचं असतं. ती रीतसर अर्ज करतात. मग वाचनालय फायलीतून त्यांच्या माणसाचा फोटो कापून, पाकिटात घालून, छोट्याशा कार्यक्रमात त्यांना सुपूर्द करतं. घराणं वाचनालयाला एखादा पंखा देतं. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्यांवर मी नावं वाचली. वारा चांगला येत होता.

आपल्याकडं पूर्वजांचा मान राखायचा म्हणजे हेच. त्यांना गर्दीतून उचलायचं, एकटं करायचं आणि फ्रेममध्ये घालायचं. मागं उरलेलं गाव भोकासकट कपाटात ठेवायचं आणि बाहेर पाटी लावायची, 'दुर्मीळ विभाग'.

आणि कागदाला दोन बाजू असतात हे तर कुणाच्या गावीही नव्हतं. फोटो कापला की त्याच्या पाठीमागचा मजकूरही गेलाच. मी एका खिडकीच्या मागचं पान वाचलं. खटाव भागातल्या टंचाईची बातमी होती. 'बायकांनी घागरी घेऊन कचेरीवर मोर्चा नेला असता' इथं भोक लागत होतं आणि भोकाच्या खाली 'रात्री उशिरा सोडून देण्यात आले' एवढंच उरलं होतं. किती बायका होत्या, कुणी अडवलं, कुणाला मारलं, सगळं कुणाच्या तरी दिवाणखान्यात फोटोच्या पाठीला चिकटून भिंतीकडं तोंड करून लटकतंय. त्या बायकांची नावं त्या घरातही कुणी वाचणार नाही.

आत्याचा अंक मला सापडला. सामन्याची बातमी जशीच्या तशी होती. 'कप्तानाने मारलेला सूर पाहून प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.' त्याच्या शेजारी भोक. भोकाखाली ओळ शाबूत, 'विजयी संघाच्या कप्तानास ढाल देताना प्रमुख पाहुणे.' मी त्या भोकात बोट घातलं. का घातलं, कुणास ठाऊक. कडेला ब्लेड दोनदा फिरलेलं जाणवत होतं.

"हा कुठं गेला?"

कार्यवाहांनी ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा ना! प्रमुख पाहुण्यांच्या नातवानं नेला. त्यांचा गौरवग्रंथ निघाला की. स्त्रीशिक्षणाचे आधारस्तंभ म्हणून खास प्रकरण आहे त्यात. तुमच्या सांगलीतच छापलाय. ज्यांचं हे साप्ताहिक होतं, त्यांच्याच प्रेसमध्ये. त्यांच्याकडं या अंकांच्या मूळ फायलीही आहेत म्हणे."

स्त्रीशिक्षणाचे आधारस्तंभ. ज्या मुलीच्या हातात त्यांनी ढाल दिली तिची शाळा त्याच फोटोपायी सुटली, हे त्यांना बिचाऱ्यांना कुणी कळवलंही नसेल, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पण ग्रंथ काढणाऱ्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं ना, की ही शेजारी उभी असलेली पोर कोण आणि तिचं पुढं काय झालं?

निघताना त्यांनी मला थांबवलं. बाहेरगावच्या निवृत्त शिक्षिका आल्यात म्हणून माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि शिपायाकडून फोटो काढून घेतला. मी त्या फोटोत कशी आले असेन याची कल्पना करवत नाही. कुणीतरी पुढंमागं मला कापेल तेव्हा कळेल.

एसटीत बसल्यावर मात्र मला थोडी आशा वाटली. त्या काळी सांगली जिल्ह्याला दक्षिण साताराच म्हणायचे, दोन्हीकडच्या बातम्या एकाच साप्ताहिकात यायच्या आणि छापखाना सांगलीत होता. साप्ताहिक बंद पडून जमाना झाला, पण मालकांच्या घरची फाईल कोण कशाला कापेल? शिवाय सध्याचा मालक, म्हणजे संस्थापकांचा नातू, माझाच विद्यार्थी. इतिहासात मी त्याला वर ढकलला होता.

मी फोन केला. "बाई, तुमी कवाबी या," तो म्हणाला, "पण त्या फायली एरवी काढत न्हाई आमी. आजोबांचं हाय ते. खंडेनवमीला पूजेला काढतो. तवाच या, प्रसादाला बी हुईल."

खंडेनवमीला तर खंडेनवमीला. आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते, गवंडी थापीची करतो, ड्रायव्हर गाडीची. आत्याला मी फोनवर सांगितलं, दसऱ्याला फोटो घेऊन येते. ती म्हणाली, "सोनं नगं मला मग. फोटूच आण."

छापखाना आता कुपवाडला एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. त्या दिवशी शेडच्या बाहेर कामगारांच्या धुतलेल्या गाड्या झेंडूची माळ घालून ओळीनं उभ्या होत्या. आत फ्लेक्सच्या मशीनला हार, कटिंग मशीनला हार, कात्र्यांना आणि पंचिंगला कुंकू. मधे चौरंगावर लाल कापडाचं मोठं गाठोडं. त्याच्यावर फुलं, त्याच्यावर नारळ, त्याच्यावर पेढ्यांचा बॉक्स. आरती झाली. माझ्या विद्यार्थ्यानं गाठोड्यावर हळद वाहिली. सांगलीत हळदीला काय तोटा, त्यानं मूठभरून वाहिली.

"आता उघड," मी म्हणाले.

तो घुटमळला. "उघडत न्हाई बाई आमी. असंच पुजतो."

"उघडा की," त्याची बायको म्हणाली. "बाई एवढ्या लांबनं आल्यात."

मी सांगलीतल्याच गावभागातून कुपवाडला आले होते, लांबून कसली. पण त्यानं गाठ सोडली. गाठ सुटेना, कापडाचा काठ कागदालाच चिकटला होता. ओढल्यावर तो टरकन फाटला आणि पहिल्यांदा वास आला. तो वास सांगलीच्या माणसाला सांगावा लागत नाही. नदी घरात येऊन गेली की आठवडाभर भिंतींना जो वास येतो तो, फक्त कित्येक वर्षं कापडात बांधून ठेवलेला.

आत फायली नव्हत्या. आत एक ढेकूळ होतं. पुठ्ठे, पानं, शिवण सगळं एकजीव होऊन वाळलेलं, वरून गाळाची करडी साय आणि सायीवर वर्षानुवर्षांची हळद, कुंकू, अक्षता, उदबत्तीची राख, नारळाच्या पाण्याचे डाग. कडेला कुजलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि पालीचं एक वाळलेलं पिल्लू. मी नखानं एक कोपरा उचलायला गेले तर बोटभर जाडीचा तुकडा खपली निघावी तसा निघाला आणि आतून चंदेरी किडे पळाले.

"पूर आला तवा ह्या फायली जुन्या दुकानात हुत्या," तो म्हणाला. "पाणी लय वेगात चढलं बाई. फ्रीज माळ्यावर न्हेला, टीव्ही न्हेला, कॉम्प्युटर न्हेलं. ह्या खालीच ऱ्हायल्या. मग वाळवल्या उन्हात."

"उघडून वाळवल्या?"

"न्हाई, गाठोडं तसंच. देवाचं असं कसं सोडायचं?"

"हळद वाहतो ना आम्ही," बायको समजुतीनं म्हणाली, "त्यामुळं कीड लागत नाही." एक किडा तिच्या हातावरून चालत होता.

मी पदर नाकाला लावून शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. वास तर होताच, पण नुसत्या वासानं नाही. इतकी वर्षं ही माणसं दर दसऱ्याला चिखलाच्या ढेकळाला आरती ओवाळत होती आणि त्यांना ते चालत होतं. आत काय आहे, वाचता येतं का, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. पूर तर येतोच, कृष्णेला कोण अडवणार? पण पाणी ओसरल्यावर एकेक पान सोडवून दोरीवर टाकलं असतं तर निम्म्याहून अधिक वाचलं असतं. त्यासाठी गाठ सोडावी लागली असती. आजोबांचं आहे म्हणून ती सोडायची नाही, आणि आजोबांचं आहे म्हणूनच वर्षातून एकदा पेढे ठेवायचे. असला आदर बघितला की अनादर परवडला असं वाटायला लागतं. साताऱ्याचे कापतात, सांगलीचे पुजतात. दोन्हीकडं वाचत कुणीच नाही.

विद्यार्थी माझ्या मागोमाग दारात आला. मी नाराज झालेय हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. शाळेतही तो असाच होता, छडी खाल्ली की पाया पडायचा. "बाई, असं समजू नका. आमी बी इतिहास जपतो. थांबा, दावतो," असं म्हणून तो आत गेला आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. साताऱ्याच्या कार्यवाहांनी सांगितलेला तोच गौरवग्रंथ.

मी उभ्या उभ्या स्त्रीशिक्षणाचं प्रकरण काढलं. पानभर फोटो होता. प्रमुख पाहुणे, कोट, टोपी, किंचित वाकलेले, हातात ढाल. पाठीमागं ढगांसारखं काहीतरी निळं-पांढरं रंगवलेलं. आणि ढालीच्या दुसऱ्या बाजूला, चित्राच्या अगदी काठावर, एक हात. कोपरापासून पुढं तेवढाच. बाकी कुणी नाही.

"ह्यातल्या मुली कुठं आहेत?"

"कुठल्या?"

"ह्या फोटोत खो-खोचा सगळा संघ होता."

"हां हां, पोरी हुत्या काय तरी लायनीत." तो खूश झाला, मला फोटो ओळखता आला म्हणून. "ती गर्दी काढली की. त्या लोकांनी सांगितलं, साहेब एकटं पायजेत, क्लीन. त्यो हात बी काढायचा हुता, पण ढालीवर हाय ना. हात पुसला की ढाल अर्धी ऱ्हात्या. मग ठेवला."

अजून एक आशा होती. कॉम्प्युटरवर काहीही पुसलं तरी मूळ स्कॅन कुठंतरी असतोच, एवढं मला भाच्यांमुळं कळतं. मी विचारलं. त्यानं डिझाईन करणाऱ्या माणसाला बोलावलं. तो कपाळाला गुलाल लावून आला, गळ्यात फ्लेक्सच्याच दोरीत अडकवलेलं ओळखपत्र. त्यानं फोल्डर उघडून दाखवलं. स्कॅनमध्येही पाहुणे एकटेच होते.

"कटिंग लय रुंद हुतं मॅडम," तो म्हणाला. "स्कॅनरच्या काचंवर बसंना. म्हणून मग कात्रीनं साहेबांचा भाग कापून घेतला आनि तेवढाच स्कॅन मारला."

"दोनदा स्कॅन करून जोडता आलं नसतं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "पण बाकीचं नगंच हुतं ना."

"उरलेला तुकडा कुठाय?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मशीनची शाई पुसायला कागद लागतोच, असं काहीसं माझा विद्यार्थी पुटपुटला. ते बरेच महिने झाले होते. ज्या कात्रीनं कापलं ती तिथंच समोर, कुंकू लावून, फुलावर ठेवलेली होती. मी तिला नमस्कार केला नाही. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, पण बाहेर हार घालून उभ्या असलेल्या गाड्यांवरचे कामगार आत डोकावून गेले. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाई, ग्रंथ न्या तुमी. भेट म्हणून न्या." त्याच्या बायकोनं वर पेढे बांधून दिले. ढेकळावरचेच. कुपवाडच्या नाक्यावर मी ते गटारात टाकले आणि अन्न टाकल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

ग्रंथ मात्र ठेवला. दुसरं काय होतं माझ्याकडं?

दसऱ्याच्या दिवशी साताऱ्याला गेले. एसटीत तो ठोकळा मांडीवर घेऊन बसले आणि वाटेत दोन-तीनदा वाटलं, सांगावं की फोटो नाही मिळाला, पुरात गेला. पुराचं कारण आमच्याकडं सगळ्यांना पटतं. पण आत्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. धुवट इरकल लुगडं, केस विंचरलेले. जणू आजच फोटो काढायचा होता.

"आणलास?"

मी तिच्या मांडीवर ग्रंथ उघडून ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. भोक, ढेकूळ, स्कॅनरची काच, सगळं. आधी वाचनालयातून उतरवून घेतलेली बातमी वाचून दाखवली, सूर मारल्याची आणि टाळ्यांची. ते ऐकून तिनं मान हलवली, तिला ते माहीतच होतं. मग ती पानावर वाकली. बरा डोळा कागदाला टेकेल इतकी. पाहुण्यांच्या तोंडावरून तिची नजर थांबलीही नाही. ती ढालीवर आली, ढालीवरून काठाला आली आणि तिथं तिनं बोट ठेवलं.

हाताच्या मनगटाला पट्टी होती. छपाईच्या ठिपक्यांत पांढरी, दोन वेढे दिलेली. मी तो फोटो कालपासून कितीदा पाहिला होता, पण रागाच्या भरात मला ती दिसली नव्हती.

"बाईंनी बांधल्याली," आत्या म्हणाली. "गाठ वरच्या अंगाला. बघ."

गाठ वरच्या बाजूला होती.

सून चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मग आत्या हसल्यासारखं करत म्हणाली, "तवा फोटूत आली म्हणून शाळंतनं काढली. आता फोटूतनंबी काढली."

मी उगीच त्या लोकांना शिव्या द्यायला लागले, वाचनालयाला, प्रेसवाल्याला, पाहुण्यांच्या नातवाला. म्हणाले, तक्रार करते, पेपरात लिहिते. तिनं हातानंच मला गप्प केलं.

"कात्री आण," ती सुनेला म्हणाली.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. कापणाऱ्यांच्या नावानं एवढी बोटं मोडून मी आले होते. पण सुनेला कात्री सापडेना तेव्हा मीच उठले आणि शिवणाच्या डब्यातून काढून आत्याच्या हातात दिली. तिनं पान ग्रंथातून टरकावून काढलं. मी कागद धरला. तिनं पाहुण्यांच्या बोटांपाशी कात्री लावली आणि ढालीच्या कडेनं सावकाश, दम खात, गोल कापत गेली. पट्टी नव्हती, ब्लेड नव्हतं, कड सगळी वाकडीतिकडी झाली.

उरला तो तिचा हात आणि अख्खी ढाल. तिनं तो तुकडा तळहातावर घेऊन सुलटा केला, डोळ्याजवळ नेला आणि पोलक्याच्या आत ठेवून दिला. प्रमुख पाहुणे खाली फरशीवर पडले होते. संध्याकाळी सोनं वाटायला माणसं यायची म्हणून सुनेनं घर झाडलं, तेव्हा ते केरात गेले.